मळी काढलेला नमुना

कार्तिकी एकादशी म्हणजे ग्यारस झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि गुऱ्हाळाच्या चुलाणात पहिलं चिपाड पडायच्या आतच यशवंतरावांना खोकला लागला.

खोकला कुणालाही लागतो. पण यशवंतराव गुळवे होते, गावाचा गूळ करणारे. धार जिल्ह्यात, धामनोदच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून आत गेलं की त्यांचं गुऱ्हाळ. आजूबाजूची वीसएक घरं पाळी लावून आपला ऊस तिथं आणायची. चरखी कुणीही फिरवावी, जाळ कुणीही घालावा, पण रस कधी निवळला, पाक कधी आला आणि काहील कधी उतरवायची, हे सांगणार एकटे यशवंतराव. गार पाण्यात पाकाचा थेंब टाकायचे, बोटांनी गोळी वळायचे आणि ज्याचा ऊस त्याच्या हातावर ठेवायचे. त्यानं ती तोंडात टाकून मान हलवली की काहील उतरायची. चाळीस वर्षं सगळा गाव त्यांच्या बोटांची गोळी खात आला होता.

गावात मराठ्यांची सातआठ घरं. त्या आळीला सगळे मराठा टोला म्हणत. धारच्या पवारांच्या फौजेबरोबर ही मंडळी कधीकाळी इकडे आली. तलवारी गेल्या, घोडे गेले. राहिली ती थोडी जमीन, चिंचगुळाची आमटी आणि सासऱ्यासमोर डोक्यावर घ्यायचा पदर. बोलणं निम्मं हिंदी होऊन गेलं, पण पदर काही हलला नाही.

पहिली पाळी तुकोजीरावांची होती. ऊस तोडायच्या आधी ते काहील बघायला आले, तेव्हा यशवंतराव आत उतरून विटेच्या भुकटीनं तिचा तळ घासत होते. घासता घासता खोकल्याची उबळ आली. ते काहिलीचा काठ धरून बाहेर आले, वाकले आणि बाजूच्या चिपाडावर थुंकले. पांढऱ्या चिपाडावर तांबूस डाग पडला.

"यशवंतभिया, हे काय पडलं?"

"काही नाही. तंबाखू असेल."

"तंबाखू सोडून तुम्हाला दहा वर्षं होऊन गेली."

यशवंतरावांनी पायानं चिपाड उलटं केलं. तुकोजीरावांनी ते उलटं चिपाड बघितलं. माणूस वाईट नव्हता, पण मनात आलेलं ओठावर आल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

"राग नका मानू भिया. पण हा गूळ माझी पोरंबाळं वर्षभर खाणार. तुमची बहूच दवाखान्यात जांच करते न? रिपोर्ट आणून द्या. तोवर काहिलीला हात नका लावू."

"आणि रिपोर्ट खराब आली तर?"

"तर धामनोदला तो बिजनौरवाला गुळव्या उतरलेला आहे. त्याला बोलवून घेऊ. मी चार दिवस ऊस तोडत नाही."

एवढं बोलून ते गेले. यशवंतराव पुन्हा काहिलीत उतरले नाहीत. विटेची भुकटी हातात तशीच राहिली. चाळीस वर्षांत त्यांना काहिलीपासून लांब व्हा म्हणणारा कुणी भेटला नव्हता.

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. थोरले भाऊ मल्हारराव टीबीनं गेले होते. शेवटचे सहा महिने त्यांची खाट गोठ्यात होती आणि जेवणाचं ताट खिडकीतून आत सरकवलं जायचं. ते सरकवणारा हात यशवंतरावांचा होता. तेव्हा ते वीस वर्षांचे होते आणि ताट सरकवताना श्वास रोखून धरायचे. त्याची लाज त्यांना अजून वाटत होती.

*

संध्याकाळी घरात चौकशी बसली. एका खोलीत चौघं होते. यशवंतराव खाटेवर, बायको शशिकलाबाई चुलीपाशी, मुलगा नीलेश उंबऱ्यावर आणि सून दुर्गा दाराआड, डोक्यावर पदर घेऊन. दुर्गा देवासची. लॅबचं शिक्षण घेतलेली आणि धामनोदला सरकारी दवाखान्यात तपासणीच्या कामाला. दिवसभर ती अनोळखी माणसांना तोंड उघडा, खोका, दंड पुढे करा असं बिनदिक्कत सांगायची. पण लग्नाला दोन वर्षं होऊनही सासऱ्यांशी ती थेट एक शब्द बोलली नव्हती. टोल्याची रीतच तशी होती.

"सासूबाई, मामंजींना विचारा, खोकला किती दिवसांचा आहे?"

शशिकलाबाईंनी मान वळवली. "अहो, खोकला किती दिवसांचा?"

"सूनबाईंना सांग, आठ."

"आठ म्हणतात."

"मामंजींना सांगा, बारा झाले. मी मोजलेत."

"बारा म्हणते."

नीलेशला राहवलं नाही. "आई, तू काय टेलिफोन एक्स्चेंज आहेस? सगळे इथंच तर बसलेत."

"तू गप्प बस. अहो, ताप येतो का?"

"येतो थोडा."

"आणि कूस दुखते?" हे शशिकलाबाईंनी मनानंच विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "दुखते. उजवी. कूस बदलताना आई गं करतात. मला काय कळत नाही?"

दुर्गानं पिशवीतून झाकणाची एक डबी काढली आणि सासूच्या हातात दिली. मग दाराआडूनच तिनं समजावलं. उद्या सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्यानं चूळ भरायची. दोनतीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीच्या तळातून खोकायचं. जे येईल ते या डबीत. थुंकी नको, बलगम पाहिजे.

"बलगम म्हणजे बेडका," शशिकलाबाईंनी नवऱ्याला सांगितलं.

यशवंतरावांचे कान लाल झाले. "बेडका? सूनबाईंच्या हातात? काही मर्यादा आहे की नाही?"

"रोज पन्नास लोकांचा बघते ती."

"ते पन्नास लोक तिचे सासरे नाहीत."

पण डबी त्यांनी घेतली. काहिलीपाशी परत जायची वाट त्या डबीतूनच होती.

*

सकाळी डबी तयार होती. यशवंतरावांनी ती धुतलेल्या पंच्यात गुंडाळून, गाठ मारून देवळीत ठेवली होती. दुर्गा ती घेऊन स्कूटीवर दवाखान्यात गेली, हातमोजे चढवून झाकण उघडलं आणि बघतच राहिली. आत पाणी असावं तसं नितळ काहीतरी होतं. पिवळा कण नाही, गाठ नाही.

तरी तिनं काचपट्टीवर त्याचा थर दिला, वाळवला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. दिसल्या त्या गालाच्या आतल्या मोठ्या चपट्या पेशी, पापड वाळत घातल्यासारख्या. छातीतलं काहीच नव्हतं.

डॉक्टर रुचींनी डोळा लावला आणि लगेच काढला. "ये तो लार है. फिरसे मंगवा ले. आणि त्यांनाच घेऊन ये न, छाती तपासून एक्स-रे काढू."

"येणार नाहीत मॅडम. आधी रिपोर्ट म्हणतात."

दुसऱ्या दिवशी दुसरी डबी. ही पहिलीहून नितळ निघाली. पुन्हा पापड. दुर्गाला आता काळजी वाटू लागली. खोकला ऐकू येत होता तो खोल, ओला, छातीच्या तळाचा. मग डबीत हे असं कसं येतं? आणि थुंकीत जंतू दिसले नाहीत म्हणून रोग नाही असं लिहून देणं तिच्यानं झालं नसतं, सासरे असोत की आणखी कुणी.

त्याच दुपारी बिजनौरवाला गुळव्या गुऱ्हाळावर येऊन गेला. तुकोजीरावांनी नुसतं बघून जायला सांगितलं होतं. त्यानं काहिलीच्या काठावर टिचक्या मारल्या, हात पसरून तिची रुंदी बघितली, चुलाणात डोकं घातलं आणि म्हणाला, "चूल्हा थोड़ा उल्टा बना है." ते चुलाण यशवंतरावांनी स्वतःच्या हातानं लिंपलेलं होतं. ते जांभळीखाली उभे होते. काही बोलायला तोंड उघडलं तर खोकलाच आला, म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतलं.

*

संध्याकाळी घरी पुन्हा एक्स्चेंज सुरू झालं. दुर्गाचा आवाज आज जरा चढलेला होता.

"सासूबाई, मामंजींना सांगा, दोन्ही नमुने फुकट गेले."

यशवंतराव दुखावले. "फुकट कसे? आज तर अगदी निवळ दिलं होतं."

"निवळ म्हणजे?" शशिकलाबाईंनी विचारलं.

"म्हणजे वरची मळी काढून."

चुलीवरची भाकरी फुगून एका बाजूनं काळी पडू लागली, तरी कुणी उलटली नाही.

"कशानं काढली?"

"कडुनिंबाच्या काडीनं. अगदी हलक्या हातानं. काल थोडी राहून गेली होती, म्हणून आज दोनदा काढली." यशवंतरावांना आपलं काय चुकलं ते खरंच कळत नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. रस तापला की भेंडीचं पाणी घालायचं, मळी वर येते, झाऱ्यानं ओढून फेकून द्यायची. जितकी मळी निघेल तितका गूळ पिवळाधमक. मळी ठेवून माल पुढे केला तर तो गुळवा कसला? आणि इथं तर माल सुनेच्या हातात द्यायचा होता.

आधी नीलेशला हसू फुटलं. मग शशिकलाबाईंना. आणि दाराआडून असं काही हसू आलं की दुर्गा डोक्यावरचा पदर सांभाळत, डोळे पुसत सरळ खोलीच्या मध्यावर येऊन उभी राहिली.

"मामंजी, अहो, मला मळीच पाहिजे!"

दोन वर्षांत पहिल्यांदा सुनेचा शब्द मध्ये कुणी नसताना सासऱ्यांपर्यंत गेला होता. दुर्गाच्याही ते लक्षात आलं. पण आता मागं जाण्यात काही अर्थ नव्हता.

"तुमच्याकडे मळी फेकतात मामंजी. आमच्याकडे तीच तपासतात. रोग असला तर तो मळीत बसलेला असतो. निवळ तुम्ही मला देऊन राहिलात आणि रोग नाल्यात फेकून."

यशवंतराव खाली बघत होते. मग तेही थेट बोलले. "सूनबाई, तुम्हाला ती बघवली नसती."

"का? कशी आहे?"

"गुळाच्या रंगाची. तांबूस. रक्त आहे त्यात." मग त्यांचा आवाज खाली गेला. "मल्हाररावांचंही असंच पडायचं. मला माहीत आहे हे काय असतं."

तेव्हा सगळ्यांना उमगलं की काडीनं मळी काढताना मर्यादा अर्धीच होती, उरलेली अर्धी भीती होती. नमुना नितळ निघाला तर रोगही नसेल, असं मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात त्यांनी धरून ठेवलं होतं. शशिकलाबाईंनी भाकरी उलटली. करपलेली बाजू वर आली.

"तांबूस बेडका फक्त टीबीतच येतो असं कुणी सांगितलं तुम्हाला?" दुर्गा म्हणाली. "आणि टीबी जरी असला, तरी आता गोठ्यात खाट टाकत नाहीत. सहा महिने गोळ्या आणि माणूस बरा. पण आधी मला कळू तर द्या. उद्या तुम्ही स्वतः यायचं. मळीसकट."

"येतो," यशवंतराव म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळं घर कामाला लागलं. शशिकलाबाईंनी पातेल्यात पाणी उकळून नवऱ्याला वाफ दिली. मग परसात नेऊन पाठीवर थापट्या मारल्या, गोधडी झटकावी तशा. नीलेशनं कसं खोकायचं ते करून दाखवलं. यशवंतरावांनी चूळ भरली, लांब श्वास घेतला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा आणि मग असे खोकले की शेजारच्या छपरावरची कबुतरं उडाली. कुशीला हात दाबून त्यांनी डबीचं झाकण लावलं. या खेपेला काडी जवळपास कुठं नव्हती. ती शशिकलाबाईंनी आधीच चुलीत घातली होती.

नीलेशच्या मोटरसायकलवर मागं बसून डबी त्यांनी स्वतःच नेली. दवाखान्यात गर्दी होती. दुर्गा दारात उभं राहून एकेकाला नावानं हाक मारत होती. सासऱ्यांची पाळी आली तेव्हा ती क्षणभर अडली. नाव घ्यायचं कसं? कागद वर धरून तिनं हाक मारली, "चौदा नंबर!" चौदा नंबर मान खाली घालून आत आले.

डॉक्टर रुचींनी छाती ऐकली, एक्स-रे काढायला लावला. तोवर दुर्गानं डबी उघडली होती. तांबूस, घट्ट, चिकट. "शाब्बास," ती मनापासून म्हणाली. यशवंतरावांना आयुष्यात गुळासाठी पुष्कळदा शाब्बासकी मिळाली होती, बेडक्यासाठी ही पहिलीच.

तोंडाला मास्क लावून ते तपासणीच्या खोलीच्या दारात टेकून उभे राहिले. बाहेर बसा म्हणून त्यांना सांगणार कोण? आत सून काम करत होती आणि कामाचा हात लांबूनही ओळखता येतो. तिनं काडीच्या टोकानं सगळ्यात घट्ट कण निवडला, काचपट्टीवर गोल गोल पसरवला, वाळवला आणि पट्टी दिव्याच्या आचेवरून हलकेच फिरवली. अशा दोन पट्ट्या केल्या. पहिलीवर लाल रंग ओतून खालून आच दिली.

"उकळवता?" यशवंतरावांनी विचारलं.

"नाही मामंजी. उकळी फुटली की बिघडलं. नुसती वाफ उठायला पाहिजे."

यशवंतरावांनी मान हलवली. हे त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती. दुर्गानं थांबून रंग धुतला, वर तेजाब ओतलं. लाल रंग भराभर वाहून गेला.

"अहो, चढवलेला रंग काढून का टाकताय?"

"टीबीचे जंतू हट्टी असतात. लाल रंग एकदा धरला की तेजाबानंही सोडत नाहीत. बाकी सगळे सोडून देतात. आता वर निळा देते. निळ्यात लाल काड्या दिसल्या, की ते."

तिनं तेलाचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपवर वाकली. डाव्या हातानं चाक फिरवत ती पट्टी इंचाइंचानं सरकवत होती. यशवंतरावांनी चौकट धरून ठेवली होती. पाक तयार व्हायच्या आधी ते जसे डोळा न हलवता बुडबुड्यांकडे बघत, तसे ते सुनेच्या पाठीकडे बघत होते. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. दुर्गाचेही खांदे ताठ झाले होते. नाही दिसलं तर बरं, असं वाटत असताना बघायचं नसतं, हे ती शिकलेली होती. म्हणून ती नेहमीपेक्षा सावकाश बघत होती.

"लाल काही नाही," शेवटी ती म्हणाली. "शंभराच्या वर जागा बघितल्या. एकही नाही."

मग खोकला कशाचा, ते बघायला हवं होतं. दुर्गानं दुसरी पट्टी घेतली. जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिट.

"इथं खरा हात लागतो मामंजी. स्पिरिट जरा जास्त वेळ राहिलं तर सगळ्यांचाच रंग जातो. कमी राहिलं तर सगळंच जांभळं दिसतं आणि काही कळत नाही."

"मग किती वेळ ठेवायचं?"

"पुस्तकात काही सेकंद लिहिलंय. पण ओघळ फिका व्हायला लागला की हाताला कळतं."

"कळतं," यशवंतराव म्हणाले. "ते पुस्तकात नसतं."

तिनं लगेच पाणी सोडलं, वर गुलाबी रंग दिला, धुतला, वाळवला आणि डोळा लावला. या खेपेला वीस मिनिटं लागली नाहीत. गुलाबी पेशींचा खच पडला होता आणि मधूनमधून जांभळे ठिपके. एकेकटे नाहीत, जोडीजोडीनं. गव्हाचे दोन दाणे एकापुढे एक ठेवावेत तसे, आणि बऱ्याच जोड्यांभोवती रंग न लागलेलं पांढरं कडं.

"मॅडम!" ती ओरडली. शिस्त सोडूनच ओरडली.

डॉक्टर रुची आल्या, वाकल्या, पट्टी थोडी सरकवली आणि हसल्या. "न्युमोकोकस दिसतायत. एक्स-रेतही उजवीकडे खाली डाग आहे. काका, तुम्हाला निमोनिया झालाय. हा तांबूस रंग त्याचाच. पूरी तसल्ली के लिए धारला टीबीच्या मशीनवर एक नमुना पाठवते. पण औषध आजपासूनच चालू."

"म्हणजे बरा होईन?"

"बिल्कुल. गोळ्या पूर्ण घ्या, दर दोन दिवसांनी दाखवायला या. दहा दिवस धुराजवळ जायचं नाही."

दुर्गा खुर्चीवरून उठली. "मामंजी, बघायचंय?"

यशवंतराव बसले. आधी त्यांना आपल्याच पापण्यांचे केस दिसले. मग भलताच डोळा मिटला. मग दुर्गानं चाक जरासं फिरवलं आणि ते एकदम स्तब्ध झाले.

"हे माझ्या छातीत?"

"हो."

"जोड्या लावून बसलेत की लेकाचे!" ते म्हणाले. "ग्यारशीचा मुहूर्त साधून सगळ्यांनी लग्नं उरकून घेतली. आणि वरात माझ्या बरगडीत!"

डॉक्टर हसल्या, दुर्गा हसली, दारातला पंधरा नंबर कारण न कळताही हसला. यशवंतराव हसता हसता खोकले आणि खोकता खोकता रडले. मास्क वर ओढून त्यांनी त्यालाच डोळे पुसले, म्हणून दुर्गानं त्यांना दुसरा दिला.

"मल्हाररावांचं कुणी असं बघितलंच नाही, सूनबाई," ते म्हणाले. "आम्ही नुसती खाट बाहेर काढली."

दुर्गानं पेल्यात पाणी भरून त्यांच्या हातात दिलं.

*

तिसऱ्या दिवशी धारचा कागद आला. टीबी नाही. ताप तोवर उतरला होता आणि यशवंतरावांनी सकाळी दोन भाकरी खाल्ल्या होत्या. कागद घेऊन ते नीलेशबरोबर तुकोजीरावांच्या दारात गेले. आत न जाता पायरीखाली उभे राहिले.

तुकोजीरावांनी कागद सरळ धरला, उलटा धरला. इंग्रजी होतं.

"काय लिहिलंय?"

"टीबी नाही. निमोनिया होता, तो उतरणीला लागला. पण डॉक्टरांनी दहा दिवस धूर बंद केलाय, त्यातले तीन झाले. तुमचा ऊस थांबत नसेल तर बिजनौरवाल्याला बोलवून घ्या. मी राग मानणार नाही."

हे शेवटचं खोटं होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं. तुकोजीरावांनी कागदाची घडी घातली.

"ऊस उभा आहे भिया. उभा ऊस आठवडाभरानं कुठं पळून जातो? तुम्ही वर तर या. पायरीखाली काय उभे राहिलात."

*

दहा दिवस भरल्यावर, मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी चुलाण पेटलं. नीलेशनं इंजिन चालू केलं, चरखी ऊस ओढू लागली आणि हिरवट रस धार धरून पिंपात पडू लागला. दुर्गानं रजा टाकली होती. यशवंतरावांनी वाऱ्याची बाजू बघून खाट टाकायला लावली, पण खाटेवर ते एकदाही बसले नाहीत. तोंडावर मास्क, कमरेला पंचा, हातात झारा. भेंडीचं पाणी पडलं, मळीचा जाड थर वर आला आणि त्यांनी तो एका वळणात ओढून बाहेर टाकला.

"ही ठेवू का सूनबाईंसाठी?" त्यांनी ओरडून विचारलं. सगळं गुऱ्हाळ हसलं. ती गोष्ट शशिकलाबाईंनी एव्हाना गावभर केली होती.

रस पिवळा झाला, मग लालसर. बुडबुडे मोठे होऊन फुटू लागले. जाळ कमी करा, आता वाढवा, आता ओढून घ्या. घामानं यशवंतरावांची पाठ चकाकत होती आणि खोकला एकदाही आला नाही. त्यांनी हात धुतले, पाण्यात थेंब टाकला, गोळी वळली आणि तुकोजीरावांसमोर धरली. तुकोजीरावांनी गोळी घेतली, तोंडात टाकली, डोळे मिटले.

"उतरवा," ते म्हणाले.

चौघांनी काहील उतरवली. गूळ निवायला वाफ्यात ओतला, तेव्हा वास रस्त्यापर्यंत गेला. मंडळी पानांवर कोमट गूळ घेऊन बसली. तुकोजीराव मात्र पान तसंच हातात घेऊन बराच वेळ इकडेतिकडे करत राहिले. शेवटी जांभळीखाली दुर्गा एकटी दिसली, तिथं गेले.

"बहू," त्यांनी घसा साफ केला. "ती डबी मिळते न दवाखान्यात, ती... एक मला पण देऊन ठेव."

"तुम्हाला? कशासाठी काका?"

"दोन महिने झाले खोकला जात नाही. घरात कुणाला सांगितलं नाही. शेतात जाऊन खोकतो." ते गुळाकडे बघत बोलत होते. "भियाच्या चिपाडावर ते बघितलं न मी, तेव्हा आधी माझीच छाती धडधडली. त्यांना काहिलीपासून हटवलं ते त्यांच्या भीतीनं नाही. माझ्या."

यशवंतराव पाठीमागं येऊन उभे राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मनात काही आलं असेल ते त्यांनी गिळलं.

"डबी आजच घेऊन ठेवा," ते म्हणाले. "उद्या उजाडताना मी तुमच्या परसात येतो. एकट्याला जमत नाही ते. पाठ थापटायला माणूस लागतो."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी कोंबडा आरवायच्या सुमाराला तुकोजीरावांच्या परसातून असा काही खोकला ऐकू आला की टोल्यातली माणसं दारात आली. एकजण वाकलेला, दुसरा त्याच्या पाठीवर थापट्या मारतोय.

"हे घशातलं झालं, तुकोजी. खालून! अजून खालून!"

"येत नाही हो भिया..."

"येतं. घाबरू नका, मी आहे. घ्या श्वास."

कुंपणाबाहेर दुर्गा स्कूटी चालू ठेवून डबीची वाट बघत उभी होती.